खोली मिळाली, पुढे काय?

परगावी शिकायला निघालेल्या मुलाला पहिली चिंता पुस्तकांची नसते, खोलीची असते. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तिथल्या वसतिगृहात त्यांना इतरांसारखीच खोली मिळाली. तेच आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर अख्ख्या शहरात त्यांना पाठ टेकायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या घोळक्याने त्यांना तिथूनही बाहेर काढलं.

मग अमेरिकेत सारं आलबेल होतं का? मुळीच नाही. १९२४ साली त्याच कोलंबिया विद्यापीठात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी वसतिगृहात राहतो, म्हणून दहशत बसवायला बाहेर क्रूस पेटवण्यात आला होता.

तिकडच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळं असतात. त्यांना ‘फ्रॅटर्निटी’ म्हणतात आणि नावं ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. एकत्र राहणं, एकमेकांचा अभ्यास घेणं, पुढे नोकरीधंद्यात हात देणं, हे सारं त्यात आलं. गोऱ्यांच्या मंडळांची दारं काळ्या मुलांना बंद होती. तेव्हा डिसेंबर १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे स्वतःचं मंडळ काढलं. सुरुवात झाली होती साध्या अभ्यासमंडळापासून. दोनच वर्षांनी, १९०८ साली, हॉवर्ड विद्यापीठात मुलींनीही आपलं मंडळ काढलं.

ही मंडळं केवळ आपापसांत रमली नाहीत. शाळा सोडू नका, कॉलेजात जा, असं वस्त्यांतल्या मुलांना सांगणाऱ्या मोहिमा त्यांनी काढल्या, शिष्यवृत्त्या दिल्या. १९३० च्या दशकात लोकांनी मतदार म्हणून नावं नोंदवावीत यासाठी ती झटली. मार्टिन ल्यूथर किंग हे ‘अल्फा’चेच सभासद. नव्या मुलांचा छळ केल्याचे डागही या मंडळांवर आहेत, तेही विसरता येत नाहीत.

आपल्याकडे हे काम वसतिगृहांनी केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये निघालं. पुढे १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. तिथल्या मुलांनी काय करावं? त्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढलं! मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडलं. तरुणांनी जुगार-दारूच्या नादी लागू नये म्हणून हॉकीचा क्लबही चालवला. डोक्यावर छप्पर मिळालं की मुलं आपल्यापलीकडे पाहू लागतात, याचा हा पुरावाच.

१९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झालं. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरत. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रो काँग्रेसच्या निवेदनाची प्रत मागितली. डू बॉइस हेही ‘अल्फा’चे सभासद होते. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लढ्याकडे लक्ष ठेवून होती.

पुढच्या पिढीत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार हे वसतिगृह तरुण लेखक-कार्यकर्त्यांचा अड्डा बनलं. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्या पिढीने १९७२ साली दलित पँथर उभी केली, तेव्हा चर्चा, पत्रकं, मोर्च्यांची आखणी यांना या वसतिगृहाचा मोठा आधार होता. नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. तिकडे मंडळाचं सभासदत्व जन्मभराचं. शिक्षण संपलं की माणूस गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या शाखेत जातो आणि समाजकार्याचा मोठा भार तीच शाखा उचलते. आपल्याकडे वसतिगृह सुटलं की नातं बहुधा मनातच राहतं. शिकून मोठे झालेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात, ही खंत बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बोलून दाखवल्याचं सांगतात. १९७८ मध्ये कांशीराम यांनी सरकारी कर्मचाऱ्यांची ‘बामसेफ’ उभी केली, त्यामागेही समाजाचं ऋण फेडण्याचाच विचार होता.

आज घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत बुद्धविहाराची खोली संध्याकाळी अभ्यासिका होते. घरात आठ माणसं असलेल्या मुलाला तिथे दोन तास शांतपणे बसता येतं. अशा खोलीला फार काही लागत नाही. दिवा, पंखा, काही पुस्तकं, आणि गणित समजावून सांगणारा एखादा दादा किंवा ताई. दिवा-पंखा वर्गणीतून येतो. दादा-ताई मात्र त्याच वस्तीतून शिकून बाहेर पडलेल्यांतूनच यायला हवेत. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांनी दिली, तरी सोलापूरच्या त्या मुलांचं काम पुढे चालू राहील.