काष्टा, कॉफी आणि रिप्ली रोड

एकदा आलेली सायकल माणूस जन्मात विसरत नाही, असं म्हणतात. हे ज्यानं प्रथम म्हटलं त्याला गुडघे नसावेत. मला आहेत, आणि त्यांना सायकलचा साफ विसर पडला होता. पण २०२२ च्या जूनमध्ये मी लंडनजवळ किंग्स्टनला भाचीकडं राहायला गेलो असताना ती एका शुक्रवारी सहज म्हणाली, ''मामा, रविवारी आमचा ग्रूप सायकलनं विस्लीच्या बागेत चाललाय. येतोस?''

पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकलचं आमंत्रण नाकारता येत नाही. सदाशिव पेठेत आम्ही चालायला शिकलो ते सायकलच्या दुकानापर्यंत जाता यावं म्हणून. तासावर भाड्यानं मिळणारी छोटी सायकल, नळीखालून पाय घालून मारलेलं 'हाफ पेडल', म्युनिसिपालटीचा बिल्ला, संध्याकाळी दिवा नाही म्हणून अडवणारा पोलीस, डबलसीटचा दंड चुकवण्यासाठी चौक यायच्या आत उडी मारणारा मित्र, हे सगळं ज्याच्या गाठीशी आहे तो इंग्रजांच्या बागेला घाबरतो होय? ''त्यात काय मोठंसं!'' मी म्हणालो. वीस-बावीस किलोमीटर आहे हे मला शनिवारी रात्री कळलं. एका बाजूचं.

रविवारी सकाळी बारा माणसं जमली. पुढारी होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका. अर्धी चड्डी, डोक्याला हेल्मेट, गळ्यात शिट्टी. त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि हवामान चांगलं असल्याचं सांगितलं. इंग्रज माणसाला तुमच्याविषयी काळजी वाटली की तो हवामानाविषयी बोलतो.

किंग्स्टनहून इशर, कॉबम असं करत मोठा रस्ता सोडला आणि आम्ही खेड्यांत शिरलो. रस्ते एवढे अरुंद की समोरून मोटार आली की कुणी थांबायचं यावर दोन्हीकडून सौजन्याची मारामारी. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, मध्येच फटीतून दिसणारी घोड्यांची कुरणं, एक चर्च, एक पब, एक हिरवळ. झालं गाव. माणूस मात्र दिसेना. आपल्याकडं सायकलवरून परक्या गावात शिरा, पारावरचे चार जण 'कुणीकडचे पाव्हणं?' असं विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. इथं पाच गावं ओलांडली, पण मी कुणाचा कोण याची चौकशी फक्त एका कुत्र्यानं केली.

असं रेंगाळत ऑकम नावाच्या गावाशी आलो आणि पुढारीणबाईंनी शिट्टी वाजवली. या गावाचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे विल्यम ऑफ ऑकम, चौदाव्या शतकातला तत्त्वज्ञ साधू. गरज नसलेल्या गोष्टी उगाच गृहीत धरू नयेत, छाटून टाकाव्यात, असा त्याचा दंडक. त्याला 'ऑकमचा वस्तरा' म्हणतात. हे सांगताना बाईंनी पुन्हा एकदा माझ्या पिशवीकडं पाहिलं. तिच्यात थालीपीठं, लोणच्याची बाटली, छत्री, स्वेटर, कानटोपी आणि ओडोमॉस होतं. यातलं काय गरजेचं नाही ते साधूमहाराजांनी मला पुण्याहून निघण्यापूर्वी सांगायला हवं होतं.

पण बाईंनी आम्हांला थांबवलं होतं ते साधूसाठी नव्हे. समोर लाल विटांची एक झोकदार इमारत होती. आता तिथं लोक राहतात, पण पूर्वी ते हॉटेल होतं. नाव 'होबॉय'. होबॉय म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं एक वाद्य. हॉटेलाचं नाव सनईचं, आणि दारात एका पाहुणीचं स्वागत कसं झालं त्याचीच ही गोष्ट.

२७ ऑक्टोबर १८९८. एक पंचावन्न वर्षांच्या बाई सायकलवरून इथं येतात. नाव लेडी हार्बर्टन. घराणं उमरावाचं. थंडीचे दिवस, जेवणाची वेळ. बाई कॉफी-रूममध्ये जायला निघतात, तेवढ्यात हॉटेलच्या मालकीण मिसेस स्प्रेग आडव्या येतात. कॉफी-रूम म्हणजे बऱ्या घरच्या पाहुण्यांनी बसायची खोली. या कपड्यांत तिथं बसता येणार नाही, हवं तर पलीकडं बारच्या खोलीत बसा, असं त्या सांगतात. त्या खोलीत पुरुष दारू पीत आणि धूर काढीत बसलेले. लेडी हार्बर्टन तो वास घेऊन बाहेर पडल्या आणि पुढं दुसरीकडं जेवल्या.

तुम्ही म्हणाल, असं घातलं तरी काय होतं बाईंनी? तर वर कोट आणि खाली गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार. एवढी ढगळ, की तिच्यात दुसरी एखादी लेडी बसली असती. सगळं अंग झाकलेलं. फक्त बाईला दोन पाय असतात ही गोष्ट त्या विजारीवरून लोकांच्या ध्यानात येत होती, आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात हे ध्यानात येणं बरं नव्हे.

या लेडी हार्बर्टन म्हणजे काही ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. १८८१ साली लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' निघाली होती, आपण 'सोयीस्कर पोशाख मंडळ' म्हणू, तिच्या त्या अध्यक्षा. मंडळाचं म्हणणं साधं होतं. बाईला हलता यावं, श्वास घेता यावा. त्यांचा एक ठराव तर असा की बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन, बूट सोडून, सात पौंडांच्या वर असू नये. सात पौंड म्हणजे तीन किलोंच्या वर! ही कमाल मर्यादा, आणि तीसुद्धा सुधारकांची. सनातनी बायका किती किलो घेऊन हिंडत असतील याचा हिशेब तुम्हीच करा. आमच्याकडं तीन किलोंत दिवाळीचा चिवडा होतो.

बरं, त्या सात पौंडांसकट बाई सायकलवर बसणार कशी? आधीची सायकल म्हणजे पुढं माणसाएवढं चाक आणि मागं बशीएवढं. तिच्यावर चढायला पुरुषालाही थोडं वेडच असावं लागे. झगा घालून तो प्रश्नच नव्हता. फार तर तिचाकी. मग १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन सारख्या चाकांची, साखळीची 'रोव्हर' काढली. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेची धाव दिली आणि बसणाऱ्याची हाडं जागच्या जागी राहू लागली. झालं, बायका निघाल्या. पण घोट्यापर्यंतचा झगा साखळीत अडकायचा, वारा आला की शिडासारखा फुगायचा. तेव्हा झगा तरी सोडा, नाही तर सायकल तरी. लेडी हार्बर्टननी झगा सोडला.

मला तिथं उभ्या उभ्या एकाएकी माझी आजी आठवली. तिनं जन्मभर नऊवारी नेसली. काष्टा घालून ती विहिरीत उतरे, फणसाच्या झाडावर चढे, आणि कुणाची तिला नाव ठेवायची छाती नव्हती. जो पोशाख मिळवायला लंडनच्या लेडी मंडळं काढत होत्या, तो आमच्या आज्या रोज पहाटे अंधारात तीन मिनिटांत नेसून मोकळ्या होत. हे मी पुढारीणबाईंना ऐटीत सांगितलंसुद्धा. त्यांनी शांतपणे विचारलं, ''मग तुमच्या आजी सायकल चालवत असतील?''

मी पिशवीचा पट्टा नीट केला.

आजी नव्हती चालवत. आत्यानं मात्र चालवली होती. १९४४-४५ ची गोष्ट. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची. मैत्रिणीच्या भावाची रॅले घेऊन लॉ कॉलेजच्या बाजूला चार संध्याकाळी शिकली. पाचव्या संध्याकाळी आजोबांच्या ओळखीच्या कुणीतरी पाहिलं. आजोबा ओरडले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, ''उद्यापासून शाळेत चालत जायचं, चालतच यायचं.'' आत्या शाळेत चालतच जात होती. पण तिला कळलं. त्यानंतर ती सायकलला शिवली नाही. घरात हा किस्सा आजोबांच्या कमी बोलण्याचा नमुना म्हणून सांगत, आणि आम्ही सगळे हसत असू. आत्याही हसायची, असं मला वाटतं. नीट आठवत नाही.

असो. होबॉयची गोष्ट इथं संपत नाही. १८७८ साली हॅरोगेट गावी सायकलवाल्यांनी एक क्लब काढला होता. पाच वर्षांनी त्याचं नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' झालं, आणि २०१६ पासून तो 'सायकलिंग यूके' या नावानं चालतो. हा क्लब वाटेवरच्या खाणावळींशी दर ठरवी आणि ठरलेल्या खाणावळीवर पंख फुटलेल्या चाकाची बिडाची पाटी लागे. म्हणजे आपल्या 'येथे घरगुती जेवण मिळेल'चीच साहेबी आवृत्ती. लेडी हार्बर्टन या क्लबच्या सभासद. क्लबनं सरळ मिसेस स्प्रेगवर फौजदारी खटला गुदरला. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणं खाणावळवाल्याला रास्त कारणाशिवाय प्रवाशाला अन्न नाकारता येत नाही.

१८९९ च्या एप्रिलमध्ये हा खटला किंग्स्टनला उभा राहिला. हो, आम्ही निघालो त्याच किंग्स्टनला. ज्यूरी बसली. आता विजार रास्त की गैररास्त याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागणार, अशी सगळ्यांची अपेक्षा. पण कायदा हा प्राणी पुण्यातल्या दुकानदारासारखा आहे. तुम्ही मागाल ते सोडून बाकी सगळं त्याच्याकडं असतं. बाईंना अन्न नाकारलं होतं का? नव्हतं. दुसऱ्या खोलीत बसा म्हटलं होतं. ती खोली बसण्यालायक होती का? ज्यूरीच्या मते होती. मग गुन्हा कुठं आहे? मिसेस स्प्रेग सुटल्या. बाईनं विजार घालावी की नाही हा मुद्दा टेबलावर आला आणि तसाच थंड होऊन गेला.

मला यात मिसेस स्प्रेगचा राग यायला हवा होता, पण पुरता येईना. त्यांना गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. कॉफी-रूममधल्या झगेवाल्या बाया उठून गेल्या असत्या तर बिलं कुणी भरायची? आजोबांचंही असंच काहीतरी असणार. त्यांचीही एक कॉफी-रूम होती, ती आमच्या आळीत भरे.

तिथून रिप्ली जवळच. लंडनहून पोर्ट्‌स्मथला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं हे गाव. त्या काळी त्याला 'सायकलवाल्यांची मक्का' म्हणत. रविवारी शेकड्यांनी लोक लंडनहून इथवर येत, 'अँकर' नावाच्या खाणावळीत जेवत आणि परत जात. अँकर चालवायच्या डिबल नावाच्या बहिणी. या बहिणींनी सायकलवाल्यांच्या पोटाची अशी काळजी घेतली, की गावच्या चर्चमध्ये सायकलवाल्यांनी त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. खाणावळवालीच्या नावानं देवळात खिडकी! पुण्यातल्या माझ्या विद्यार्थीदशेतल्या खाणावळीच्या बाईंच्या नावानं काही बसवायचं झालं तर मी... पण जाऊ द्या, त्या आता हयात नाहीत. दोन खाणावळींत अंतर जेमतेम तीन किलोमीटरचं. एकीचं नाव चर्चमध्ये, दुसरीचं कोर्टात.

रिप्लीच्या प्रचंड हिरवळीवर बसून आम्ही जेवलो. माझी थालीपीठं बाराही जणांत वाटली गेली. पुढारीणबाईंनी लोणचं दोनदा मागून घेतलं. ऑकमच्या वस्तऱ्यातून निदान बाटली तरी वाचली.

आणि बाग? विस्लीची बाग मोठी आहे, नामांकित आहे आणि पायी हिंडायची आहे. गुडघ्यांच्या दृष्टीनं ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. तिचा जनक जॉर्ज फर्ग्युसन विल्सन हा मेणबत्तीच्या कारखान्यातला माणूस. १८७८ मध्ये, म्हणजे सायकल क्लब निघाला त्याच साली, त्यानं इथं साठ एकर जागा घेतली. उद्देश काय, तर जी झाडं लावायला अवघड ती रुजवून दाखवायची. लिली, जेन्शन, जपानी आयरिस, एकेक नखरेल. तो १९०२ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी सर थॉमस हॅन्बरी नावाच्या धनिकानं ती जागा विकत घेऊन रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला देऊन टाकली. विल्सनचा तो मूळचा भाग ओकवुड या नावानं अजून आहे. ओलसर, सावलीचा, थोडा अस्ताव्यस्त. मला सगळ्यांत तोच आवडला. ज्याला झाडं आवडतात अशा माणसाची ती बाग वाटते. बाकीची ज्याला बागा आवडतात त्याची.

शेवटी काचघरात शिरलो. २००७ साली उघडलेलं हे भलंमोठं काचेचं घर. बाहेर स्वेटर, आत चिपळूण! आत केळ होती. जास्वंद होती. तिच्यापुढं एक कुटुंब भक्तिभावानं उभं राहून फोटो काढत होतं. आमच्या वाड्यात ती जास्वंद मोरीच्या पाण्यावर वाढली, आणि गणपतीखेरीज तिची कुणी कधी दखल घेतली नाही. मीही तिचा एक फोटो काढला. एवढ्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटलं तर निदान नमस्कार तरी करावा.

परतीचा प्रवास सांगत नाही. शेवटचे आठ किलोमीटर मी आगगाडीनं केले एवढंच नमूद करतो.

रात्री पुण्याला आत्याला फोन लावला. ती आता ब्याण्णव वर्षांची, पण कान तल्लख. तिला लेडी हार्बर्टनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. विजार, कॉफी-रूम, खटला. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

''मग हरली का रे ती?'' शेवटी तिनं विचारलं.

''हरली.''

''खटला तिनं एकटीनं घातला होता?''

''नाही, क्लबनं घातला होता. तिच्या वतीनं.''

पलीकडं जरा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं लाईन तुटली.

''म्हणजे कोर्टात तिच्या बाजूनं उभी राहायला माणसं होती,'' आत्या म्हणाली. ''बरं. आणि बाग कशी होती?''

''छान होती. जास्वंद होती.''

''जास्वंद?'' आत्या म्हणाली. ''तिकीट काढून?''