न चालता हृदयाची परीक्षा: एका फसलेल्या औषधाचा इतिहास

आजचा विषय आहे हृदयाची ताण-चाचणी, म्हणजे स्ट्रेस टेस्ट. पण पट्ट्यावर चालून होते ती नव्हे. ज्यांना चालताच येत नाही, त्यांची औषध देऊन केली जाते ती.

हा विषय या भागात घेण्याला कारण आहे. पनवेल-उरणच्या पट्ट्यात एक अख्खी पिढी भातलावणीला चिखलात वाकली, मिठागरांवर राबली, डोक्यावर ओझी वाहिली. त्या पिढीचे गुडघे आज बोलतात. गुडघे दुखतात म्हणून चालणं थांबतं. चालणं थांबलं की हृदयावर जोर पडत नाही, म्हणून छातीत दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून कोणी तपासत नाही! रोग असतो, पण तो बाहेर यायला वावच मिळत नाही. अशा माणसाला ‘पट्ट्यावर चाला’ म्हणायचं तरी कसं?

आधी एक समजून घेऊ, की हृदय तपासायला ताण लागतोच का. सोसायटीतल्या पाण्याच्या लाइनचं उदाहरण घ्या. पाइप आतून गंजून अरुंद झालाय. पण एकच नळ बारीक सोडलेला असेल तर पाणी व्यवस्थित येतं. सकाळी सगळे नळ एकदम सुटले की मगच कळतं कुठे अडलंय. हृदयाच्या धमन्यांचं तसंच आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलला के. लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे मोजून दाखवलं. धमनीचा व्यास साधारण ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीच्या वेळचा रक्तप्रवाह कमी होतच नाही. पण धमनी पूर्ण फुलवून जास्तीत जास्त प्रवाह मोजला, तर तो ५० टक्क्यांच्या आसपासच घटायला लागतो. म्हणजे खुर्चीत शांत बसलेल्या माणसाचा ईसीजी चांगला आला, म्हणून धमन्या चांगल्या असतीलच असं नाही.

आता इतिहासाकडे वळू. १९२९ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी न्यूयॉर्कचे डॉक्टर आर्थर मास्टर यांनी दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि नाडी व रक्तदाब बघायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ड्र्यूरी आणि सेंट-ग्यॉर्गी या दोघांनी वेगळंच काही नोंदवलं. हृदयाच्या स्नायूतून काढलेलं अ‍ॅडेनोसिनच्या जातीचं द्रव्य प्राण्याला दिलं, की हृदयाची गती मंदावते आणि हृदयाच्या धमन्या फुलतात. एक वाट पायांची, दुसरी रसायनाची. दोन्ही एकाच वर्षी निघाल्या, पण एकत्र यायला पुढची जवळजवळ ५० वर्षं गेली.

पायांची वाट आधी रुळली. १९६३ साली सिअ‍ॅटलच्याच रॉबर्ट ब्रूस यांची ट्रेडमिलची पद्धत प्रसिद्ध झाली. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा. आजही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: रुग्णाला पाय आहेत आणि ते चालतात.

रसायनाच्या वाटेवर मात्र मजेदार प्रकार घडला. १९५९ च्या सुमारास डायपिरिडॅमोल नावाचं औषध छातीच्या दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर, आलं. ते शरीरातल्याच अ‍ॅडेनोसिनचा परिणाम वाढवतं आणि धमन्या फुलवतं. कल्पना सरळ होती: धमन्या फुलल्या की रक्त वाढेल आणि दुखणं थांबेल. पण झालं उलटंच. काही रुग्णांना औषधानेच छातीत दुखायला लागलं!

असं का झालं? पुन्हा नळाकडे या. अरुंद झालेल्या धमनीच्या पुढच्या बारीक वाहिन्या रक्त खेचण्यासाठी आधीच पूर्ण उघडलेल्या असतात. त्या आणखी फुलणार कुठून? फुलतात त्या निरोगी बाजूच्या. मग रक्त तिकडे धावतं. खालच्या मजल्यावरच्यांनी नळ पूर्ण सोडले की वरच्यांचं पाणी जातं, तसं. डॉक्टर याला ‘स्टील’, म्हणजे चोरी, म्हणतात. उपचार म्हणून औषध नापास झालं. पुढे रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी ते वापरात राहिलं, ती गोष्ट वेगळी.

आता बघा, जो दोष उपचारात नडला तोच तपासणीत गुण ठरला. निरोगी भागात रक्त ३-४ पटींनी वाढतं आणि आजारी भागात वाढत नाही, तर हा फरक फोटोत पकडता येईल ना? १९७० च्या दशकात जर्मनीत या दिशेने काम झालं. १९७८ मध्ये गूल्ड आणि सहकाऱ्यांनी शिरेतून डायपिरिडॅमोल देऊन किरणोत्सारी थॅलियमने हृदयाचं चित्र घेतलं. माणूस पाठीवर पडून राहिला, आणि ब्लॉकेज दिसलं. १९८५ मध्ये इटलीतल्या पिसाच्या पिकानो यांनी हेच औषध इकोसोबत वापरलं. अमेरिकेत शिरेतल्या डायपिरिडॅमोलला या तपासणीसाठी १९९० मध्ये मान्यता मिळाली, अ‍ॅडेनोसिनला १९९५ मध्ये, रेगाडेनोसॉनला २००८ मध्ये.

यात धोका नाही का? आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ७३,८०६ रुग्णांच्या अभ्यासात डायपिरिडॅमोल चाचणीत ७ जणांचा हृदयविकाराने मृत्यू झाला, म्हणजे दर १०,००० मागे साधारण १. धोका कमी, पण शून्य नाही. दम्याच्या रुग्णांना ही औषधं त्रास देऊ शकतात. त्यांच्यासाठी सहसा दुसरा मार्ग निवडतात, डोब्युटामिनचा. अमेरिकेतल्या टटल आणि मिल्स यांचं हे औषध १९७५ चं. ते मुळात कमजोर हृदयाला जोर देण्यासाठी होतं. ते हळूहळू वाढवत दिलं की माणूस झोपलेला असतानाच हृदय धावायला लागतं आणि डॉक्टर इकोवर भिंतींची हालचाल बघतात.

आता आपल्या अंगणात येऊ. फोटोची चाचणी करायची तर नुसतं औषध पुरत नाही, किरणोत्सारी द्रव्य लागतं. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. १९६३ मध्ये, म्हणजे ब्रूस यांची पद्धत आली त्याच साली, परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थॅलियमला सायक्लोट्रॉन लागतो. पुढे बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम आलं. आपले लोक मात्र अजून ‘थॅलियम टेस्ट’च म्हणतात.

टेक्नेशियमची गंमत अशी की ते ६ तासांत निम्मं होतं. सकाळी ८ ला जेवढं होतं, त्याच्या निम्मं दुपारी २ ला. ते साठवून ठेवताच येत नाही. म्हणून त्याचा जनक मॉलिब्डेनम रुग्णालयात पाठवतात. तो सुमारे ६६ तासांत, म्हणजे पावणेतीन दिवसांत, निम्मा होतो आणि त्यातून रोज ताजं टेक्नेशियम काढतात. भारतात बरीच वर्षं हे काम द्रावकात घुसळून, हाताने व्हायचं. तंत्रज्ञांचा त्यात घाम निघायचा. नंतर स्तंभाचे तयार जनरेटर आले. ही द्रव्यं देशभर पुरवणारं ‘ब्रिट’, १९८९ मध्ये स्थापन झालेलं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, कुठे आहे? वाशीला! पनवेलहून हार्बर लाइनने गेलात तर त्याच गावावरून गाडी जाते.

शेवटी एक गोष्ट, जी घरी नक्की सांगा. चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्याच जागा अडवून बसतं. मग औषध शिरेत जातं, पण धमन्या पुरत्या फुलत नाहीत, आणि आजारी हृदयाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून डायपिरिडॅमोल, अ‍ॅडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉनच्या चाचणीआधी निदान १२, बऱ्याच ठिकाणी २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद ठेवायला सांगतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. आणि योगायोग बघा, १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांना चहाच्या पानांतच थिओफिलिन सापडलं. त्यापासून बनलेलं अमिनोफिलिन हाच या औषधांवरचा उतारा आहे. त्रास झाला तर डॉक्टर तेच देतात.

तेव्हा आजी ‘एक घोट चहानं काय होतंय गं’ म्हणाली, तर तिला समजावून सांगा. नेहमीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. कुठली थांबवायची, कुठली नाही, ते डॉक्टरांना विचारा. आणि गुडघ्यांमुळे घरात बसलेल्या माणसाला मधुमेह, रक्तदाब असेल, किंवा जिना न चढताही दम लागत असेल, तर ‘चालता येत नाही, मग तपासणार कसं’ हे कारण आता उरलेलं नाही. १९७८ पासून उरलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ.