शिक्षकाचा पगार कोणाच्या तिजोरीतून?

१/ पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. मात्र शहराने कर गोळा केला, तरी गुरुजींचा पगारही त्यातूनच व्हावा, हे तेव्हा गृहीत नव्हते.

२/ १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘लोकल सेस’ आला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा; त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. भार शेतकऱ्यावर, पण याच पैशातून शहरांतील शाळांचाही खर्च भागे.

३/ १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. त्यांची मागणी नेमकी होती : प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा.

४/ पैसा कोठून यावा, हेही त्यांनी सांगितले. मोठ्या शहरांतील शाळांचा खर्च तेथील नगरपालिकांनी उचलावा. शिक्षकाकडे गावचे हिशेब, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे सोपवावीत. त्याने त्याची प्रतिष्ठा वाढेल.

५/ १८८४ च्या कायद्याने शहरांतील प्राथमिक शाळांची जबाबदारी नगरपालिकांवर आली.

६/ १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली; भोवतालची गावे शहरात आली. गावाच्या शाळेची पाटी एका दिवसात बदलता येते. तिथल्या शिक्षकाचा पगार जिल्हा परिषदेने द्यायचा की महापालिकेने, हे ठरवावे लागते. फुल्यांनी आयोगापुढे मांडलेला प्रश्न हाच होता : पगारवाढ मागताना ती कोण देणार, हेही सांगा.