७९४-बी (माथेरानचे बॉल्डविन इंजिन)

नेरळ–माथेरान रेल्वेच्या ताफ्यातले वाफेचे इंजिन. बांधणी बॉल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स, फिलाडेल्फिया, अमेरिका, वर्ष १९१७. वर्ग ‘बी’, चाके चार, रुळांमधले अंतर ६१० मिमी. मूळ मार्ग दार्जिलिंग हिमालयन रेल्वे. माथेरानच्या घाटात वाफेची गाडी पुन्हा चालावी या हेतूने २००१ च्या सुमारास ते इकडे आणले गेले.

हे इंजिन अमेरिकी का, याचे उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. ‘बी’ वर्गाचा आराखडा ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट आणि कंपनीचा, १८८९ चा. पुढे ही कंपनी नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाली आणि दार्जिलिंगची इंजिने तिथून येऊ लागली. युद्ध पेटल्यावर ब्रिटनमधले इंजिन-कारखाने तोफगोळे आणि लष्करी सामग्री तयार करण्यात गुंतले. हिंदुस्थानातल्या एका डोंगरी रेल्वेची मागणी अशा वेळी मागेच पडणार होती. म्हणून १९१७ मध्ये काम फिलाडेल्फियाला गेले. एकूण ३४ ‘बी’ इंजिनांपैकी मोजकीच बॉल्डविनने बांधली. ७९४ त्यांतले एक.

त्याच काळात बॉल्डविनच्या कारखान्यातून ब्रिटिश सैन्यासाठीही छोटी इंजिने बाहेर पडत होती. फ्रान्समधल्या आघाडीवर खंदकांपर्यंत दारूगोळा आणि शिधा नेणाऱ्या ६०० मिमी रुंदीच्या रेल्वेसाठी १९१६-१७ मध्ये त्यांनी अशी ४९५ मालवाहू इंजिने बांधली. युद्ध संपल्यावर त्यांतली काही भारतात आली आणि उत्तर प्रदेशातल्या खतौलीच्या साखर कारखान्यात ऊस ओढू लागली. त्यांतले ७७८ क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडला गेले, दुरुस्त झाले आणि २००७ मध्ये लेटन बझर्डच्या वारसा रेल्वेवर पुन्हा वाफेवर धावू लागले. माथेरानचे अस्सल ७४० क्रमांकाचे इंजिनही याच लेटन बझर्डला पोचले आहे. आपल्या घाटातले इंजिन तिकडे आणि दार्जिलिंगचे इंजिन आपल्या घाटात, असा हा प्रवास आहे.

७९४ चे वजन जेमतेम १५ टन. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली. कोळशाची जागा ड्रायव्हरच्या पुढ्यात. मागे वेगळा टेंडर नाही, त्यामुळे सगळा भार चार चाकांवर पडतो आणि चढावर चाके रुळांना घट्ट धरतात. तरी पावसात, धुक्यात रूळ निसरडे होतातच. म्हणून दार्जिलिंगला इंजिनाच्या पुढच्या टोकाशी बसून रुळांवर वाळू टाकणारी माणसे असत. ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याशिवाय कोळसा फोडून देणारा एक गडी वेगळा. एवढ्याशा इंजिनाला इतके हात लागतात. त्याची ताकद लोखंडाइतकीच या माणसांच्या सरावात आहे. दार्जिलिंगच्या मार्गावर डोंगरावरून चहा खाली येई आणि धान्य-किराणा वर जाई. दुसऱ्या महायुद्धात घुम आणि दार्जिलिंगच्या आसपासच्या लष्करी छावण्यांसाठी सैनिक आणि सामान याच रेल्वेने वर नेले.

माथेरानची रेल्वे १९०७ ची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती उभारली. वडील सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, खर्च सुमारे १६ लाख रुपये. सुमारे २१ किमीच्या या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीने चार इंजिने दिली. त्यांच्या टोकांच्या आसांना बाजूला सरकण्याची मुभा होती, म्हणून सहा चाकांची असूनही ती अरुंद वळणे घेत. एक आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. वाफेची नियमित सेवा १९८२ मध्ये थांबली आणि घाट डिझेलकडे गेला.

त्या रिकाम्या जागी ७९४ आले. त्याची निवड योग्य होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दार्जिलिंगचा चढ आणि माथेरानचा २० मीटरला १ मीटर चढ हे एकाच जातीचे. वळणेही तशीच आखूड. मात्र नियमित गाड्या अजून डिझेलच ओढते. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये सुरू झाला; २०१९ च्या पावसानंतर पुन्हा बंद पडला आणि नेरळपासून पूर्ण सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात परतली. रूळच जाग्यावर राहत नसताना शंभरी ओलांडलेल्या इंजिनाचा विचार मागे पडतो, हे समजण्यासारखे आहे.

नेरळ कोकणात येते, पण त्याच कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाफेची नियमित गाडी कधी धावलीच नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे डिझेलवर सुरू झाली. त्याआधी जिल्ह्यातल्या आंजर्ले, दापोलीकडून मुंबईचा प्रवास हर्णै बंदरातून आगबोटीने होई. वाफेशी ओळख असायची ती समुद्रावर. त्यामुळे आंजर्ल्याच्या मुलाला चालते वाफेचे इंजिन दाखवायचे, तर कोकणात नेरळ हेच ठिकाण मनात येते.

चौथऱ्यावर चढवून रंग दिलेले इंजिन आणि दाब धरणारे इंजिन यांत फार अंतर आहे. बॉयलरची वेळोवेळी तपासणी, नळ्या बदलणे, आग पेटवून दाब चढवणे ही कामे करणारे हात निवृत्त होत चालले आहेत; इंजिन उभेच राहिले तर ही कामे नव्यांना शिकवायला जागा उरत नाही. युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत माथेरान रेल्वेचे नाव आहे. त्या नावाला साजेसे काम करायचे, तर मध्य रेल्वेने ७९४-बीला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, निदान काही अंतर तरी प्रवासी घेऊन चालवावे.