कोकणात तीन-चार मुक्कामांची सहल फोनवर कशी आखायची? तारकर्लीतून काही कामाच्या गोष्टी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून एक कुटुंब आमच्याकडे तारकर्लीत उतरलं. सहा माणसं, त्यांत पंच्याहत्तरीच्या आजी. सहा रात्रींत पाच मुक्काम ठरवले होते: हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली आणि शेवटी गोवा. प्लॅन फोनवर सुंदर आखलेला होता. प्रत्येक ठिकाणाला रंगीत खूण, प्रत्येक टप्प्याचे तास लिहिलेले. आजींना मात्र एकच गोष्ट बघायची होती, सिंधुदुर्ग किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मालवणच्या धक्क्यावर गेले तर होड्या बंद. पावसाळ्यासाठी किल्ल्याची प्रवासी वाहतूक मेअखेरीस थांबते आणि ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहते. ती आदल्याच दिवशी थांबली होती. आजी धक्क्यावरून किल्ल्याला हात जोडून परत आल्या.

बुकिंगच्या फोनवर मी त्यांना व्हेज की नॉनव्हेज हे विचारलं होतं. तुम्ही खास काय बघायला येताय, हे विचारलं नव्हतं. हीच सहल उलट्या क्रमाने केली असती, म्हणजे आधी तारकर्ली आणि मग वर हरिहरेश्वरकडे, तर आजी किल्ल्यात जाऊन आल्या असत्या. तेवढाच खर्च, तेवढेच दिवस.

अनेक मुक्कामांच्या सहलीत बहुतेक वेळा असंच होतं. अॅपमध्ये प्रत्येक टप्पा सुटा बघितला तर बरोबर असतो, गडबड होते ती दोन टप्प्यांच्या सांध्यावर. म्हणून या लेखात हॉटेल कुठलं, बीच कुठला हे काही नाही. सांधे कसे तपासायचे तेवढंच सांगतो.

आधी तारखेला बांधलेल्या गोष्टी लिहा

नकाशा उघडण्याआधी एक साधी शीट उघडा. गूगल शीट्स असेल तर उत्तम, कारण घरातल्या सगळ्यांना शेअर करता येते. रकाने पाचच: तारीख, मुक्काम, तिथे पोचायची वेळ, त्या दिवशीची अडणारी गोष्ट, फोन नंबर. यातला चौथा रकाना महत्त्वाचा. अडणारी गोष्ट म्हणजे जी ठरावीक तारखेला किंवा ठरावीक वेळेलाच होते: किल्ल्याची होडी, स्कूबाचा स्लॉट, परतीची गाडी, गावची जत्रा, भरती-ओहोटी. देवबागला संगमाजवळचं वाळूचं बेट, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ते नीट बघायचं तर ओहोटी हवी. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे मित्राने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ तुमच्या कामाची नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक देणारी बरीच अॅप्स आहेत. लाटा-वाऱ्याच्या इशाऱ्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचं ‘समुद्र’ अॅप फोनवर असू द्या.

हा रकाना भरला की मुक्कामांचा क्रम बऱ्यापैकी आपोआप ठरतो. आणि मुक्काम किती? माझं मत विचाराल तर सहा रात्रींना तीन. प्रत्येक मुक्काम बदलताना सामान बांधणं, अकराला चेक-आउट, वाटेत जेवण आणि नव्या जागी चेक-इन यात अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस कुठलंच अॅप हिशेबात धरत नाही.

एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर

ज्या स्टेशनला उतरलो तिथूनच परत जायचं, ही सवय सोडा. विमानवाले याला ‘ओपन जॉ’ म्हणतात. कोकण रेल्वे किनाऱ्याला साधारण समांतर धावते, त्यामुळे आपल्याकडे हे अगदी सोपं आहे. रत्नागिरीला उतरायचं, गणपतीपुळे करून खाली तारकर्लीला यायचं, मग वेंगुर्ला, आणि सावंतवाडी रोड किंवा थिवीमहून परत गाडी धरायची. एकही रस्ता दोनदा होत नाही.

मालवणला रेल्वे नाही. तारकर्लीसाठी कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली यांपैकी एकावर उतरून पुढे रस्त्यानेच यावं लागतं. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर आणि तिथून तारकर्ली आणखी सहा-सात. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत कणकवलीला थांबते, कुडाळला नाही. आयआरसीटीसीवर फक्त ‘कुडाळ’ टाकून शोधलं तर ती दिसणारच नाही. म्हणून तिन्ही स्टेशनं टाकून बघा.

तिकिटाच्या बाबतीत चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, मुदत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. सहल आठवड्याची असेल तर जायचं तिकीट मिळतं त्या दिवशी परतीचं अजून उघडलेलंच नसतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन वेगळे गजर लावा, दोन्ही सकाळी आठच्या थोडे आधीचे.

दुसरं, मध्यरात्र. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे त्याच गाडीची दादरची तारीख १४ असेल तर पनवेलची १५. अर्धं कुटुंब दादरला आणि अर्धं पनवेलला चढणार असेल तर ही तारीख दोनदा वाचा. एक दिवस उशिराचं तिकीट घेऊन पनवेलच्या फलाटावर उभी राहिलेली माणसं मी नात्यातच बघितली आहेत. मुक्कामाचं बुकिंगही उतरायच्या तारखेपासून करायचं, निघायच्या नाही.

तिसरं, पावसाळी वेळापत्रक. पावसात कोकण रेल्वेवर गाड्या हळू चालवतात, म्हणून वेळा बदलतात. पूर्वी हे १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. काही गाड्यांचे दिवसही कमी होतात. मे महिन्यात काढलेला स्क्रीनशॉट जुलैत वापरू नका.

चौथं, तत्काळ. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आयआरसीटीसी खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ही पडताळणी आजच करून ठेवा. सकाळी दहाला एसीचं किंवा अकराला स्लीपरचं तत्काळ उघडल्यावर ओटीपीशी झटापट करण्यात अर्थ नाही.

‘सिंधुदुर्ग’ म्हणजे नक्की कुठला?

शोधपट्टीत ‘सिंधुदुर्ग’ लिहिलं तर चार वेगळ्या जागा निघू शकतात. मालवणच्या समुद्रातला कुरटे बेटावरचा किल्ला, १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा, ओरोसजवळचं सिंधुदुर्ग रेल्वे स्टेशन, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ. स्टेशनवर उतरून “किल्ला कुठे दिसतो?” असं विचारणारे प्रवासी रिक्षावाल्यांना नवीन नाहीत. देवबागचंही तसंच, कारवारजवळ दुसरं देवबाग आहे.

गोव्याहून विमान असेल तर आणखी जपून. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, तर पेडणे तालुक्यातल्या मोप्याचा जीओएक्स. मोप्याहून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. तारकर्ली-वेंगुर्ल्याकडून जाणाऱ्याला मोपा सोयीचं, कारण दाबोळी पार पणजीच्या पलीकडे आहे. तिकीट शोधताना नुसतं ‘गोवा’ निवडलं तर दोन्हीकडची विमानं मिसळून दिसतात, स्वस्त बघून बोट दाबलं की संपलं.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. गेल्या हिवाळ्यात एक पाहुणी इथल्या पडवीत बसून इटलीची सहल आखत होती, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. तिथेही हेच नियम लागू पडतात. रोमला उतरून व्हेनिसहून परतलं तर मागे यावं लागत नाही. मधले टप्पे जलद रेल्वेने, रोम ते फ्लोरेन्स दीड तासाच्या आसपास आणि पुढे व्हेनिस दोन-सव्वादोन तास. पण व्हेनिसमध्ये मेस्त्रे हे स्टेशन मुख्य भूमीवर आणि सांता लुचिया हे पाण्यातल्या शहरात. मिलानच्या नावावर तीन विमानतळ खपतात, त्यांतला बेर्गामो शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी घातली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो. तिने गाडी भाड्याने घ्यायचा बेत तिथेच रद्द केला.

नकाशा आणि खाड्या

आमच्या किनाऱ्यावर सरळ रेषेला अर्थ नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या दारातलं. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटांचं काम. पण गाडीने जायचं तर मागे वळून नेरूरपारच्या पुलावरून मोठा वळसा घालावा लागतो, कारण तारकर्ली-देवबागची पट्टी म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी आणि पुढे रस्ता संपलेला. नकाशावर बोटाने अंतर मोजून ‘भोगवे शेजारीच आहे’ असं ठरवणारे पाहुणे दर सीझनला भेटतात.

वर रत्नागिरी-रायगडकडे उलटी गंमत आहे. वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या ठिकाणी गाडीसकट फेरीबोट मिळते. गूगल मॅप्सच्या पर्यायांमध्ये ‘फेरी टाळा’ ही खूण चालू राहिली असेल तर नकाशा तुम्हाला खाडीला वळसा घालून फिरवतो. ती खूण एकदा तपासा. मात्र फेरीची पहिली-शेवटची वेळ आणि रांग नकाशाच्या तासांत धरू नका, ती फोन करूनच विचारायची. शीटमधला पाचवा रकाना त्यासाठीच आहे.

नकाशावर प्रवासाचा वेळ बघताना ‘आत्ता निघालो तर’ हा आकडा घेऊ नका. रात्री साडेअकराला घरी बसून बघितलेला रस्ता मोकळाच असतो. निघायची तारीख-वेळ टाकायची सोय आहे, ती वापरा, आणि जो मोठा आकडा येईल तो धरा. गणपतीपुळे ते तारकर्ली हा टप्पा देवगड-कुणकेश्वरला थांबत आलात तर अख्खा दिवस खातो. त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. सगळे मुक्काम एकाच चित्रात बघायचे असतील तर ब्राउझरमध्ये गूगल माय मॅप्स उघडा आणि दर दिवसाला एक वेगळा थर करा, त्यात दहा थर मावतात.

निघण्याआधी वायफायवर पूर्ण पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. नेटशिवाय तो गाडीचा रस्ता दाखवतो, पण ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते नाही. वाड्यांमध्ये घरांना रस्त्याचं नाव-नंबर नसतो, म्हणून मालकाकडून व्हॉट्सअॅपवर त्याच्या अंगणात उभं राहून पाठवलेलं लोकेशन मागवा. नावाने शोधून पाठवलेली खूण शेजारच्या माडाच्या बागेत नेऊन सोडते.

स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका

हा मुद्दा पैशाचा नाही, तब्येतीचा आहे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला आहे की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास उड्डाण टाळावं. सकाळी तारकर्लीत डाइव्ह आणि दुपारी मोप्याचं विमान, हा प्लॅन मला वर्षातून दोन-तीनदा तरी दिसतो. स्कूबा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. समुद्र खवळला तर पुढचा दिवसही हाताशी राहतो. नुसतं स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना ही अट नाही.

एआयने बनवलेला प्लॅन

हल्ली बरेच पाहुणे चॅटबॉटने लिहिलेला कार्यक्रम घेऊन येतात. मी स्वतःही वापरतो. ठिकाणांची यादी काढायला, मुक्कामांचे दोन-तीन क्रम मांडून बघायला तो चांगला आहे. पण होडीची वेळ, फेरीचा दर, गाडीचा थांबा हे तो तितक्याच ठामपणे चुकीचं सांगू शकतो. म्हणून प्रश्न उलटा विचारा: “या प्लॅनमधल्या कुठल्या गोष्टी तारखेवर, हवामानावर किंवा सरकारी परवानगीवर अवलंबून आहेत?” जी यादी येईल ती चौथ्या रकान्यात उतरवा आणि एकेक फोन करून पक्की करा. हंगामाच्या कडेला, म्हणजे मे-अखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा.

तिकिटांच्या पीडीएफ, ओळखपत्रं आणि ही शीट दोन जणांच्या फोनमध्ये ऑफलाइन ठेवा. एक फोन पाण्यात पडतोच. होडीवाल्याला आणि शहाळेवाल्याला देण्यासाठी सुट्टे पैसे रोख ठेवा, किनाऱ्यावर रेंज गेली की यूपीआयचं चाक फिरत बसतं. गाड्या दोन असतील तर व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांवर लावून निघा, आणि रात्री जेवायला किती माणसं हे आम्हाला दुपारी तीनच्या आत कळवा, म्हणजे मासळी त्या हिशेबाने घेता येते.