चंद्रकळा आणि काळ्या रंगाची मुभा

मागच्या व्याख्यानात आपण पांढऱ्या रंगापाशी थांबलो होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ला आपल्या चांद्यात धम्मदीक्षा झाली, त्या दीक्षेच्या पांढऱ्या वस्त्रांपाशी. आज काळ्याकडे वळू.

पॅरिसच्या कोको शनेलचा साधा काळा पोशाख १९२६ मध्ये अमेरिकेच्या 'व्होग' मासिकाने छापला आणि त्याला फोर्ड मोटारीची उपमा दिली. म्हणजे सगळीकडे दिसेल अशी वस्तू. तिकडे काळा हा सुतकाचा रंग होता, तो फॅशनचा झाला. आपल्याकडच्या चंद्रकळेला हा हिशोब लागू पडत नाही. ब्राह्मण घरांत विधवेला नेसवत ते तांबडं आलवण, काळं नव्हे. काळा अशुभ खरा, पण अशुभाला अडवणाराही तोच. मंगळसूत्राचे मणी काळे, बाळाच्या गालावरची तीट काळी. लग्नात, पूजेत काळी साडी चालत नाही. संक्रांतीला मात्र नव्या सुनेला मुद्दाम काळी चंद्रकळा घ्यायची आणि वर हलव्याचे दागिने घालायचे.

हे का? उत्तर ठरलेलं: थंडी असते, काळा रंग ऊन शोषतो. आम्हाला हे उत्तर कधी पटलं नाही. मग पौषातल्या बाकीच्या दिवसांनी काय घोडं मारलं? आणि पुरुषांना थंडी वाजत नाही का? वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला होता. झगा काळा असो की पांढरा, आतल्या माणसाला पोचणारी उष्णता सारखीच निघाली. रूढी आधी असते, कारण मागून शोधलं जातं, असं आमचं मत. गोडी आहे ती मुभेत. वर्षभर जे नाही म्हटलं, ते एक दिवस हो म्हटलं की त्याचं अप्रूप वाटणारच.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या जंगलाची. रासायनिक रंग येण्याआधी पक्का काळा मिळवणं सोपं नव्हतं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. शेजारच्या तेलुगू मुलखातले कलमकारीवाले लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून काळी रेघ ओढतात, ती याच न्यायाने. हिरडा गडचिरोलीच्या जंगलात, लोखंड सुरजागडच्या डोंगरात! पण या काळ्यात एक खोट असते बरं का. लोखंड हळूहळू धागाच खातं. जुन्या कापडांत पुष्कळदा इतर रंग टिकतात आणि काळा भाग तेवढा झडतो.

आमच्या आजीची चंद्रकळा आम्ही पाहिली ती अशी. आजोबा गेले तेव्हा आजी तिशीच्या आत होती. साडी ट्रंकेत गेली ती गेलीच. संक्रांतीला आळीतल्या बायका वाण लुटायला येत, आजी तेवढा वेळ मागच्या खोलीत तीळ निवडत बसे. तिच्यामागे ट्रंक उघडली तर काठ शाबूत, आणि काळं अंग घडीघडीवर तुटलेलं. म्हणजे ती मुभाही सगळ्यांना नव्हती. काळ्याचं कौतुक सांगताना हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांना तसं आवाहन केलं. ठरावाने हळदीकुंकवाचं बोलावणं येतं का, ते घराघरांवर आहे. आमच्या घरी पुढच्या संक्रांतीला सुनेने शेजारच्या एका बाईंना बोलावलं. यजमान जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. त्या आल्या, दारातच थबकल्या, म्हणाल्या, "काळी नेसली, चालते ना जी?" सून म्हणाली, "आजच तर चालते काकू, या न आत."