तोतया आणि शेंगेतला माणूस

इतिहासाच्या व्याख्यानात इंग्रजी बोलपटाचे नाव निघाले म्हणून कोणी दचकू नये. डॉन सीगल याने दिग्दर्शित केलेला 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' १९५६ साली पडद्यावर आला. मूळ कथा जॅक फिनी याची. सांता मिरा नावाच्या कल्पित गावी अवकाशातून आलेले बी रुजते, त्याच्या प्रचंड शेंगा धरतात आणि माणूस झोपी गेला की शेंगेतून त्याचाच जोडीदार उठतो. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणीसुद्धा त्याच. माया आणि राग तेवढे गळालेले. एक बाई सांगते, हे माझे काका नव्हेत. काय बदलले ते मात्र तिला दाखविता येत नाही. डोळ्यांत पूर्वी जे असे ते नाही, एवढेच! पुरावा सारा काकांच्या बाजूचा, आणि तरीही ती बरोबर असते.

आपल्याकडे याच्या अगदी उलट प्रकार घडून गेला आहे. उदगीरच्या विजयाने दौलताबादचा किल्ला मराठ्यांना मिळवून देणारे सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये आपल्या मराठवाड्यातील परतुराहूनच उत्तरेस निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय राहिला. काही वर्षांनी सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले, तर १७७६ साली तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला मोकळे केले, आणि कोकण भराभर त्याच्यामागे गेले.

ही सारी माणसे भोळी होती काय? मला तसे वाटत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. गादीवर दोन वर्षांचे मूल. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. अशा वेळी घरात एखादे कर्ते माणूस असावे असे कोणाला वाटणार नाही? चेहरा जुळतो की नाही हे मग कोण बारकाईने पाहतो! (कारभाऱ्यांवर दात असणारेही त्यात होतेच, बंड म्हटले की ते आलेच.)

बोलपटाचेही तसेच झाले. त्या शेंगांत कोणाला साम्यवाद दिसला, तर कोणाला सिनेटर मॅकार्थीच्या धाकाने मुकाट झालेला समाज. ज्याची त्याची भीती, तसा त्याचा अर्थ. सीगलला शेवट करावयाचा होता तो हमरस्त्यावर मोटारींपुढे ओरडत धावणाऱ्या डॉक्टरवर, ज्याचे कोणीच ऐकत नाही. कंपनीला तो मानवला नाही. तिने मागेपुढे प्रसंग जोडले आणि अखेरीस डॉक्टरचे म्हणणे वरिष्ठांना पटते असे दाखविले.

पुण्यातही निकाल लागला. चौकशी होऊन १८ डिसेंबर १७७६ रोजी तोतयास देहांत शासन झाले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पानिपतानंतर सौभाग्यचिन्हे उतरविली नव्हती. त्यांनी ती या निकालानंतरही उतरविली नाहीत.